गप्प टिकल्या

कस्तुरी मगदूमने बैठक चालू असतानाच टेबलाखाली फोन उघडला, मिहूचा श्वास पाहून घेतला आणि अंगठ्याने स्क्रीन वर ढकलून दिली. निळी रेघ सावकाश वरखाली होत होती. पोरगी झोपली होती. कस्तुरीच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि चहा येईस्तोवर पुन्हा हळूहळू चढून बसलं.

"तर मॅडम, आपला सर्व्हर परत तुडुंब भरलाय," तांबोळी सर म्हणाले. "सकाळी दोन टिकल्यांना लाइनच मिळेना. मी हाताने थोड्या लाइनी सोडवल्या तेव्हा कुठं त्या आत आल्या. हे दिवाळीनंतर सुरू झालंय बघा. आता दिवाळीनंतर नवं काय घडलं? एक तर तुम्ही बाळंतपणाची रजा संपवून आलात. पायगुण म्हणावा तर..."

"सर!"

"गंमत हो." तांबोळी सर पोट हलवत हसले. निवृत्तीला आलेला, कधी आवाज न चढवणारा माणूस. "दुसरं म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या आल्या."

सर्व्हर सांभाळणं कस्तुरीचंच काम; ती ताठ बसली. "तेच. टोळ्याच असणार."

टिकली म्हणजे तान्ह्या बाळाच्या छातीवर चिकटवायची मऊ चकती, कपाळाच्या टिकलीहून जराशीच मोठी. सरकारी कागदावर तिचं नाव लांबलचक होतं आणि ते कुणालाच पाठ नव्हतं. कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ती दवाखान्यातच लावत. श्वास, नाडी, रक्तातला प्राणवायू, सगळं ती मोजायची आणि पाळण्याजवळ टांगलेल्या काडेपेटीएवढ्या डबीला सांगायची. बाळाची लय कशी आहे, ते झोपेत किती वेळ श्वास लांबवतं, दूध पिताना किती धापतं, हे जिल्ह्याच्या नवजात केंद्रातला सर्व्हर शिकून ठेवायचा. पण टिकलीचा खरा गुण असा, की ती बोलतच नसे. बाळ ठीक असलं की गप्प. डॉक्टरांनी मुद्दाम विचारलं तर तेवढ्यापुरती रेघ दाखवी, नाहीतर नाही. श्वास अडखळला की मात्र ती ओरडायची. सर्व्हर क्षणात ताडून बघायचा, आईच्या मनगटावरचा पट्टा थरथरायचा आणि जवळची रुग्णवाहिका निघायची. आई उसाच्या फडात असो नाहीतर बँकेच्या काउंटरवर.

ऐनवेळी ओरडायचं तर लाइन आधीपासून लागलेली हवी. श्वास थांबल्यावर नंबर फिरवत बसून चालत नाही. म्हणून प्रत्येक डबी सर्व्हरकडे एक लाइन कायम उघडी ठेवायची. लाइन गप्प असली तरी तिच्यासाठी सर्व्हरला आपल्या मेमरीतली थोडी जागा अडवून ठेवावी लागते, आणि जागा ठरलेली. मोठं यंत्र मंजूर होतं, पण ते मंजुरीतच होतं.

"आता अडचण अशी," तांबोळी सर नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाईंना समजावू लागले, "की एसटीत सीटवर रुमाल टाकून लोक खाली उतरतात ना, तसं आहे. रुमालाचा मालक खाली वडापाव खातोय, की कंटाळून रिक्षाने घरी गेला, हे कंडक्टरला कसं कळणार? रुमाल दोन्ही वेळेला सारखाच गप्प. आपल्याकडंपण तेच. एखादी टिकली गप्प आहे कारण बाळ सुखात आहे. आणि एखादी लाइन गप्प आहे कारण पलीकडे कुणी उरलंच नाही. डबीची बॅटरी मेली, सिम निघालं, रेंज गेली. जाणाऱ्याने 'येतो' म्हणून सांगितलं तर सर्व्हर जागा मोकळी करतो. न सांगता गेला तर बिचारा वाट बघत बसतो. अनाथ लाइन म्हणायचं तिला."

"मग कंडक्टर काय करतो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ओरडतो, 'रुमाल कुणाचा हो?' आपणपण तसं विचारू शकतो. अधूनमधून प्रत्येक लाइनीवर एक हाक टाकायची, 'आहेस का?' उत्तर आलं तर ठेवायचं, नाही आलं तर तोडायचं. पण दर हाकेला डबीची बॅटरी खर्ची पडते. टोळ्यांच्या डब्या उन्हावर चार्ज होणाऱ्या. म्हणून आपण ते विचारणं बंद ठेवलंय." मग ते कस्तुरीकडे वळले. "मला वाटतं मॅडम, ते चालू करून बघावं. आधी चार डब्यांवर, मग..."

"त्यात महिना जाईल, सर." कस्तुरीने लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला. "हे बघा. या सगळ्या गप्प लाइनी एकाच मोबाइल कंपनीच्या पत्त्यावरून आल्यात. टोळ्यांच्या डब्यांत सिम कुठलं? याच कंपनीचं. त्या बायका काय करतात, मन मानेल तेव्हा डबी बंद करतात, चार्जिंगचा पत्ता नाही, कोपीत कुठंतरी टाकून देतात. मी झाडणी लावते. दर काही वेळाने, जी लाइन गप्प दिसेल ती तोडायची. पलीकडे कुणी जिवंत असेल तर परत नंबर लावेल की."

"आणि डॉक्टर काही लिहीत असतील मध्येच?" तांबोळी सरांनी विचारलं.

"ज्या लाइनीवर काम अर्धवट आहे, तिला हात लावायचा नाही. तेवढी सोय ठेवते."

उसाच्या टोळीची कोपी, ती पाचटाची झोपडी, कस्तुरीने आयुष्यात आतून पाहिली नव्हती. पण ती बोलली इतक्या ठामपणे, की डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि तांबोळी सरांनी नुसतंच "बरं" म्हटलं.

बैठक संपल्यावर जिन्यात तिने परत फोन उघडला. रेघ. श्वास. अंगठा वर.

या खिडकीबद्दल कुणालाही माहीत नव्हतं. आयांच्या फोनवर रेघ दिसायचीच नाही. संध्याकाळी फक्त एक ओळ यायची, "बाळ सुखरूप आहे." बालरोगतज्ज्ञांनी विचार करून तसं ठरवलं होतं. सतत रेघ दिसली की आया वेड्या होतात, बाळाला झोपू देत नाहीत, स्वतः झोपत नाहीत. केंद्राने त्यावर एक छोटी फिल्मही काढली होती आणि त्या फिल्ममध्ये फिकट गुलाबी साडी नेसून कस्तुरीच म्हणत होती, "ताई, गप्प टिकली म्हणजे सुखरूप बाळ. सारखं बघू नका. विश्वास ठेवा."

मिहू सातव्या महिन्यात झाली होती. काचेच्या पेटीत असताना एकदा तिचा श्वास थांबला होता आणि नर्सने तळपायाला टिचकी मारून तो परत सुरू केला होता. कस्तुरी तेव्हा काचेला नाक लावून उभी होती. कामावर रुजू व्हायची वेळ आली तेव्हा तिने एका दुपारी बसून स्वतःपुरता एक झरोका लिहिला. फोनवरून थेट डेटाबेसमध्ये शिरायचं, डॉक्टरांच्या वाटेने मिहूच्या टिकलीला "दाखव" म्हणायचं, रेघ बघायची. स्वतःच्या नावाने शिरली असती तर कुणाच्या तरी नजरेस आलं असतं, म्हणून तिने डब्यांचंच खातं वापरलं. कुणाचं काय नुकसान होतंय, असं ती स्वतःला म्हणाली होती. एक आई आपल्या लेकीकडे बघतेय.

संध्याकाळी घरी पोचली तेव्हा सासूबाई, त्रिशलाबाई, मिहूला मांडीवर घेऊन भाताची पेज भरवत होत्या. घरात सगळे त्यांना मम्मीच म्हणत. त्यांचा मुलगा, कस्तुरीचा नवरा सम्मेद, मिरजेहून यायला अजून वेळ होता.

"आलीस? चहा टाकलाय बघ, गाळून घे," मम्मी म्हणाल्या. "आज गुणी बाळ होती गं ही. अजिबात त्रास नाही."

कस्तुरीने दुपारी रेघ उसळलेली पाहिली होती. बराच वेळ. ती पाय धुता धुता म्हणाली, "दुपारी फार रडली का हो मम्मी?"

मम्मींचा चमचा थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"आवाज बसल्यासारखा वाटतोय तिचा."

"दात येताहेत. हिरडीला मध लावला जरासा."

"मध? मम्मी, वर्षाच्या आत मध नसतो द्यायचा!"

"बोटाच्या टोकाला गं. सम्मेदला चांगला वाटीभर घातलाय मी, बघ की केवढा झालाय." मग त्या ओशाळल्यासारख्या हसल्या. "बरं. नाही लावायची परत."

कस्तुरीने मिहूला घेतलं. मनात आलं, बघत होते म्हणून कळलं. बघत राहायला हवं.

झाडणीने पहिल्याच दिवशी चमत्कार केला. आकडा धाडकन खाली आला. शहरातल्या डब्यांची रेंज दणकट, त्या पहिल्या झटक्यात परत नंबर लावून आत आल्या. हळूहळू आकडा पुन्हा वर चढला, पण या वेळी तक्रार एकही आली नाही. कस्तुरीने केंद्राच्या साहेबांना कळवलं, बोगस लाइनी गेल्या, खऱ्या उरल्या. साहेबांनी सगळ्यांदेखत कौतुक केलं. जिची लाइनच तुटलीय ती डबी तक्रार कुठून करणार, हा प्रश्न कुणालाच सुचला नाही. कस्तुरीलाही नाही, आणि तो सुचावा यासाठीच तर तिला पगार होता.

पुढच्या आठवड्यात सकाळी सकाळी तांबोळी सर तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. गंमत नव्हती चेहऱ्यावर.

"फडावर एक पोरगं निळं पडलं. मनीषा गर्जे म्हणून बाई आहे, बीडकडची. पाजायला म्हणून कोपीवर आली आणि बघते तर झोळीत लेकरू गार. तिने तोंडाने फुंकर घातली, पाठ चोळली. ट्रॅक्टरवर घालून आणलं. जगलंय. ऑक्सिजनवर आहे."

"आणि टिकली?"

"ओरडली नाही. म्हणजे आपल्यापर्यंत काही आलं नाही."

कस्तुरीने पाहिलं. त्या डबीची लाइन कालच झाडणीत तुटली होती आणि त्यानंतर परत लागलीच नव्हती. तिला जे वाटत होतं तेच समोर दिसत होतं. तिने अहवाल लिहून टाकला. डबी बहुधा बंद ठेवली होती किंवा टिकली काढली होती; टोळ्यांमध्ये यंत्र वापरण्याची समज नाही; हंगाम संपेपर्यंत टोळ्यांकडच्या टिकल्या परत घ्याव्यात. तांबोळी सरांनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं आणि सही केली.

दुपारी दोघं डबी ताब्यात घ्यायला दवाखान्यात गेली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मनीषा बसली होती. विशी-बाविशीची. साडीवर पुरुषी शर्ट, बाह्या पाचटाने कापलेल्या. तिचा नवरा बापू भिंतीला टेकून उभा होता आणि मुकादम मधोमध.

"आल्या बघा आफिसातल्या म्याडम," मुकादम म्हणाला. "म्याडम, ह्यांस्नी यंत्राचं काय कळतंय? मी आधीच म्हणलो व्हतो, नका देऊ."

"मी काढली न्हाई," मनीषा म्हणाली. खाली बघतच.

"सकाळधरनं हेच," बापू म्हणाला. "न्हाई काढली तर वाजली का न्हाई मग? आई म्हणती ते खरंय. हिनं धुतलं असंल पोराला आन् लावायची इसरली असंल."

मनीषाने मान वर केली आणि सरळ कस्तुरीकडे पाहिलं. "तुमी सांगा ह्यांना. तुमच्या त्या पिच्चरमधल्या बाई तुमीच ना? गप्प हाय म्हंजी बरं हाय. तुमीच म्हणल्या. मी इस्वास ठिवला. दर घटकंला फडातनं पळत यायची मी आधी. तुमचा पिच्चर बघितला आन् यायची बंद झाले."

कस्तुरी डबीकडे वळली. "तपासणी होईल," ती म्हणाली आणि डबी प्लास्टिकच्या पिशवीत घातली. तिच्या मागे मुकादम कुणाला तरी सांगत होता, सगळ्या बायकांच्या टिकल्या गोळा करायला या म्हणावं, कटकटच नको.

केंद्रात परत आल्यावर तांबोळी सरांनी डबी टेबलावर ठेवली आणि बटण दाबलं. ती चालू होती. बॅटरी चांगली भरलेली. डबीवरचा दिवा पिवळा झाला, म्हणजे ती नंबर लावत होती. मग लाल. परत पिवळा, परत लाल.

"जागा नाही म्हणतोय सर्व्हर तिला," तांबोळी सर पुटपुटले. "भरलेला कसा? टोळ्यांच्या तर सगळ्या लाइनी झाडल्या आपण. मग बसलंय कोण आत?" त्यांनी डोकं खाजवलं. "डोकं चालेना. चहा सांगून येतो."

ते गेले. डबी टेबलावर लाल-पिवळी होत राहिली. एका पोराचा श्वास अडकला तेव्हा झोळीजवळ ती अशीच होत राहिली असणार, कस्तुरीच्या मनात आलं. आणि घाबरली की तिचा हात जिथे जायचा तिथेच तो गेला. फोन. झरोका. झाडणीने नुकत्याच चार-दोन लाइनी तोडल्या होत्या, आणि डबी परत नंबर लावायच्या आत तो आत शिरला. मिहू झोपली होती. निळी रेघ. तिने अंगठ्याने स्क्रीन वर ढकलली.

समोर भिंतीवर उघड्या लाइनींचा आकडा होता. तो एकाने वाढलेला होता.

ती बघत राहिली. आता तो परत एकाने कमी व्हायला हवा होता. खिडकी तिने बंद केली होती ना. आकडा हलला नाही.

तिने परत झरोका उघडला. आकडा आणखी एकाने वाढला. अंगठा वर. आकडा तिथेच.

अजून एकदा. अजून एकदा. मग सर्व्हरने तिलाही सांगितलं, जागा नाही.

तिला सगळं एकदम दिसलं, आणि ते इतकं साधं होतं की कुठल्याही नव्या पोराला तिने त्यावरून झापलं असतं. स्क्रीन वर ढकलली की फोन झरोक्याचा गळाच दाबायचा. "येतो" म्हणायलाही वेळ द्यायचा नाही. पलीकडे सर्व्हर तिची वाट बघत बसायचा. आणि झरोका आत शिरताना टिकलीला "दाखव" म्हणून काम अर्ध्यावर ठेवायचा, म्हणून झाडणी त्याला हात लावत नव्हती. काम अर्धवट असलेल्या लाइनीला हात लावायचा नाही, ही सोय तिनेच ठेवलेली. तिच्या फोनमध्ये सिमही त्याच कंपनीचं, आणि त्या कंपनीचे या भागातले सगळे फोन एकाच पत्त्याआडून बाहेर पडत. खातंही डब्यांचंच. दिवाळीपासून ती जितक्यांदा घाबरली होती तितक्यांदा आत एक जागा अडवून आली होती, टेबलाखालून, जिन्यातून, संडासातून. आणि जागा पुरेना म्हटल्यावर तिने बाहेर कुणाला काढलं, तर ज्यांची बाळं सुखात झोपलेली होती त्यांना. ज्यांची रेंज दणकट त्या परत आत आल्या. फडातल्या डब्या दारात ताटकळल्या.

तिने एक ओळ लिहिली आणि झरोक्यातून आलेल्या सगळ्या लाइनी तोडल्या. भिंतीवरचा आकडा कोसळला. टेबलावरची डबी पिवळी झाली आणि मग हिरवी. आकडा परत चढू लागला. फडातल्या डब्या एकामागून एक आत येत होत्या. जिवंत होत्या सगळ्या. चार्ज केलेल्या, टांगलेल्या, जागच्या जागी.

"अरे, लागली की!" तांबोळी सर दोन कप घेऊन दारात उभे होते. "काय केलंत?"

कस्तुरीने लॅपटॉप मिटला. "काही नाही. परत चालू केली सर्व्हिस."

"कमाल आहे." त्यांनी कप ठेवला. ते खूश झाले होते. ते बघवेना म्हणून ती उठून व्हरांड्यात गेली.

हात परत खिशाकडे गेला. पण झरोका आता उघडायचा नव्हता. ती कठड्याला धरून उभी राहिली. मिहू काय करत असेल? पाठीवर असेल की पोटावर? कसं कळणार? मग तिच्या लक्षात आलं की कळायची आणखी एक साधी वाट होती. तिने घरी फोन लावला.

"काय गं? काय झालं?" मम्मींचा आवाज घाबरलेला. "तू कसा काय फोन केलास?"

"काही नाही मम्मी. मिहू कशी आहे, विचारायला."

"झोपलीय. आत्ताच पालथी झाली होती, मी सरळ केली." मम्मींचा आवाज निवळला. "तू कधी करत नाहीस ना फोन, म्हणून दचकले. शेजारच्या पाटीलबाईंची सून दिवसातनं दहादा फोन करते, काय खाल्लं, काय घातलं. मी त्यांना म्हणते, आमची कस्तुरी एकदाही करत नाही. पोर माझ्या हवाली केली की केली. एवढा विश्वास कोण ठेवतं हो, म्हणते, आजकाल."

कस्तुरीने "हं" म्हटलं. ती कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिली.

"ऐकतीयस काय?"

"ऐकतेय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मम्मींना सांगितलं. डबा भरता भरता, पाठमोरी उभी राहून, कारण तोंडावर सांगायचा धीर नव्हता. मम्मी पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं.

"म्हणजे मध लावल्याचं..."

"हो. दिसलं होतं मला. रडलेली."

मम्मींनी लाटलेली पोळी तव्यावर टाकली, उलटली, फुगली तशी काढली. "आज तूच घेऊन जा तिला," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटेना."

म्हणून कस्तुरी मिहूला कडेवर घेऊनच केंद्रात गेली. तांबोळी सरांनी बाळ बघून हात पुढे केले, पण तिचा चेहरा बघून ते खुर्चीत बसले. तिने सगळं सांगितलं. कालचं "काही नाही"सुद्धा.

"त्या अहवालावर माझीपण सही आहे, मॅडम," ते शेवटी म्हणाले. "मी 'विचारून बघू' म्हटलं होतं. एकदाच म्हटलं आणि गप्प बसलो. तुम्ही शिकलेल्या, भराभर बोलता, मी आपला..." त्यांनी हात हलवला. "आता वर कळवावं लागेल. तुमच्या नोकरीचं काय होईल ते मला सांगता येणार नाही."

"कळवा. टिकल्या परत घेण्याचं आधी थांबवा."

"ते आत्ता थांबवतो." त्यांनी फोन उचलला. मग थांबून म्हणाले, "आणि त्या बाईला?"

"मी जाते," कस्तुरी म्हणाली.

मनीषा त्याच बाकावर होती. आज मुकादम नव्हता. वॉर्डाच्या दाराशी बापू आणि एक म्हातारी बसून भाकरी खात होती. मनीषा त्यांच्यापासून लांब, एकटी. तिच्यापुढे भाकरी नव्हती.

"पोरगं कसं आहे?"

"नळी काढली सकाळी. डाक्टर म्हणत्यात पुढं बघू. कान, डोळं, समदं बघू म्हणत्यात." तिने मिहूकडे पाहिलं. "तुमची?"

"हो."

"टिकली हाय की."

"हो." कस्तुरी तिच्याशेजारी बसली. तयार करून आणलेली वाक्यं होती, ती सगळी केंद्राच्या पत्रासारखी वाटू लागली. ती म्हणाली, "मनीषा, तुम्ही टिकली काढली नव्हती. डबीही चालू होती. ती ओरडत होती. आमच्याकडे जागा नव्हती म्हणून तिला कुणी आत घेतलं नाही. आणि जागा नव्हती ती माझ्यामुळे."

मनीषा बाकावर तिच्याकडे वळली.

"मी चोरून माझ्या मुलीचा श्वास बघत होते. सारखी. दर वेळी बघितलं की एक जागा अडायची. मला कळलं नाही. मला वाटलं, तुम्ही लोकच..." तिने मिहूला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "तुम्ही लोकच नीट वापरत नाही. मी तसं लिहूनही दिलं. आणि तुमची लाइन तोडली."

मनीषाला सगळं समजायला वेळ लागला. तिच्या कपाळावर आठी आली, गेली, परत आली.

"तुमाला श्वास दिसायचा?"

"हो."

"आफिसात बसून?"

"हो."

"पिच्चरमधी सांगून झाल्यावं बी?"

"हो."

"मलाबी दिसला असता का मग? फडातनं? मोबाइल हाय माझ्याकडं."

कस्तुरी खोटं बोलायचं नाही असं ठरवून आली होती, तरी या प्रश्नाला खोटं उत्तरच आधी जिभेवर आलं. "दिसला असता," ती म्हणाली. "दाखवता आला असता. आम्ही ठरवलं होतं, आयांना दाखवायचा नाही. आया घाबरतात म्हणून."

मनीषा हसली नाही, रडली नाही. तिने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि उठली. कस्तुरीला वाटलं आता ती मारणार. मारावं असंही वाटलं. पण मनीषा दाराकडे बघून जोरात म्हणाली, "ओ, हिकडं या. दोघंबी. भाकर ऱ्हाऊ द्या."

बापू हात पुसत आला. मागून म्हातारी, कमरेवर हात ठेवून.

"सांगा," मनीषा कस्तुरीला म्हणाली. "मला सांगितलं तसंच. पयल्यापासनं."

कस्तुरी उभी राहिली. मिहूने तिच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घातली होती. कॉरिडॉरमध्ये माणसं होती; नळावर भांडी घासणारी बाई, ड्रिपची बाटली धरून उभा असलेला कुणाचा तरी बाप, दोन नर्सा. तिने खालच्या आवाजात सुरुवात केली. "यांनी टिकली काढली नव्हती. चूक..."

"असं न्हाई," मनीषाने तिला थांबवलं. "सासूला ऐकू कमी येतं माझ्या. आन् सगळ्या टोळीला तिनंच सांगितलंय, मी लेकराकडं ध्यान देत न्हाई म्हणून. मोठ्यानं बोला."

नळावरच्या बाईने नळ बंद केला. नर्सा वळल्या. म्हातारीने कानामागे हात धरला आणि ती एक पाऊल पुढे आली.

कस्तुरीने श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून, अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगायला लागली.